बॅग भरून झाली असेल तर आता हातांची तयारी

अगं, हॉस्पिटलच्या बॅगेची यादी तुला काल पाठवली, पण झबली टोपरी लंगोट काय, कुणीही आणून देतं, एखादी गोष्ट राहिलीच तर भावोजी खालच्या मेडिकलमधून आणतील. मला जी यादी कुणी दिलीच नव्हती ती ही. बाळाला अंगावर नीट लावायची. आपल्याकडे सगळे धरूनच चालतात की आई झाली की पाजता येतंच, आणि मग पहिले तीन दिवस आई पण रडते आणि बाळ पण.

आत्ता आठवा लागलाय ना, तर पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना निपल दाखवून घे, चपटे किंवा आत गेलेले असतील तर आधी माहीत असलेलं बरं, बाळंतपणानंतर त्यावर उपाय असतात. पण कुणी सांगितलं म्हणून आत्ता ओढून बाहेर काढत बसू नको, त्याने कळा सुरू होऊ शकतात, आणि साबणाने घासू पण नको. त्याच व्हिजिटला दोन गोष्टी विचारायच्या, लाजायचं नाही. एक, बाळ झाल्यावर तासाभरात माझ्या अंगावर देणार का, सिझर झालं तरी? डब्ल्यूएचओ पण पहिल्या तासातच सुरू करा म्हणतं. उघड्या छातीवर उघडं बाळ ठेवलं ना तर ते पायांनी ढकलत ढकलत स्वतः छातीपर्यंत सरकतं, ब्रेस्ट क्रॉल म्हणतात त्याला. दुसरं, गरज असेल तर द्या पण मला विचारल्याशिवाय वरचं दूध देऊ नका, हे फाइलवर लिहून घ्या म्हणायचं. माझ्या वेळी बाळ पाच तासांनी हातात आलं ते बाटलीने पिऊन गाढ झोपलेलं, बाटलीतून आपोआप गळतं आणि आपल्याकडे मेहनत करावी लागते, मग पुढे ते तोंडच उघडेना. अजून राग येतो मला.

आता हात. तांदळाची अडीच किलोची पिशवी घे, दुपट्यात गुंडाळ आणि रोज पाच मिनिटं धरायची प्रॅक्टिस कर, हसू नको, खरंच सांगतेय. डाव्या बाजूला पाजायचं तर बाळ उजव्या हातावर, तळवा त्याच्या पाठीवर खांद्यांच्या मध्ये, अंगठा आणि बोटं कानांच्या मागे मानेला आधार म्हणून. डोकं मागून दाबायचं नाही, दाबलं की बाळ उलट मागे ताणतं, आणि आपल्याला वाटतं याला नकोच आहे. बाळाचं पोट आपल्या पोटाला चिकटलेलं, मान वळलेली नको, तूच मान तिरकी करून पाणी पिऊन बघ कसं जातं ते. डावा हात खालून छातीला, अंगठा बाळाच्या नाकाच्या बाजूला, बोटं हनुवटीच्या बाजूला, आणि वडापाव खाताना कसा वरून खालून दाबून तोंडात घालतो तसं थोडं दाबायचं. मग निपल सरळ तोंडात कोंबायचं नाही. ते नाकासमोर ठेवायचं, वरच्या ओठाला हळूच लावायचं आणि थांबायचं. हे थांबणंच अवघड आहे गं. बाळ जरासं तोंड उघडतं आणि आपण घाई करतो, पण जांभई दिल्यासारखा मोठा आ झाला की मगच त्याला आपल्याकडे आणायचं, आपण वाकून त्याच्याकडे जायचं नाही, नाहीतर पाठ गेली. हनुवटी आधी टेकली पाहिजे. आयआयटी बॉम्बेच्या स्पोकन ट्युटोरियलवर असं विरुद्ध हातावर बाळ धरायच्या पद्धतीचा, म्हणजे क्रॉस क्रेडलचा, व्हिडिओ मराठीत आहे, फुकट, तो दोघांनी बसून बघा. सिझर झालं तर पोटावर भार नको म्हणून बाळ बगलेत धरून किंवा कुशीवर झोपून, तेही पिशवीवरच करून बघ.

बरोबर लागलंय का हे कसं कळायचं, तर खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीत रुतलेली, काळा भाग वरून जास्त दिसतोय खालून जवळपास नाही, गाल फुगीर, खळ्या पडत नाहीयेत, टकटक आवाज नाही. पण गंमत अशी की आपल्याला वरून फक्त नाक दिसतं, हनुवटी दिसतच नाही. म्हणून शेजारी बसून खालून बघायला एक माणूस पाहिजे आणि ते काम भावोजींचं, यांना मी मोबाइलवर फोटो काढून दाखवायला लावायचे. पहिले काही सेकंद ताण जाणवतो तो ठीक, पण पाजताना पूर्ण वेळ दुखत असेल तर सहन करायचं नाही, करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवायची आणि परत लावायचं, दहा वेळा लागलं तरी. बाहेर आल्यावर निपल नव्या लिपस्टिकसारखं एका बाजूने चपटं दिसलं तर समज पकड वरवरची होती.

बॅगेत याच्यासाठी एवढंच जास्तीचं टाक: पुढून उघडणारे दोन गाऊन, घरच्या दोन जाड उशा (तिथल्या पापडासारख्या असतात), तुला पाणी प्यायला सिपरची बाटली, स्टीलची वाटी चमचा. घरी आल्यावर पायाखाली पाट. वाटी चमचा यासाठी की पहिल्या दिवशी लागलंच नाही तर हाताने दाबून चीक काढायचा, चमचाभरच निघतो, घाबरू नको, तेवढाच हवा असतो, आणि तो वाटीने किंवा बोंडल्याने पाजता येतो, बाटली लागत नाही.

घरच्यांची तयारी आत्ताच करून ठेव. मध चाटवणं, साखरपाणी, गुटी, काहीही नाही, मध तर वर्षभर नाही, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणायचं म्हणजे वाद होत नाही. तुझ्या आईला सांग की पाजताना बाळाला कुंचीत करकचून बांधलेलं नको, हात मोकळे, मोजे काढलेले, झोपाळू असेल तर टोपरंही काढून तळपाय चोळायचे. हात तोंडात घालायला लागलं की घ्यायचं, रडायला लागेपर्यंत वाट बघायची नाही, रडणाऱ्या बाळाला आधी छातीवर शांत करावं लागतं मगच लागतं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा. भेटायला येणारी प्रत्येक बाई विचारणार, दूध पुरतंय का गं? दूध भरून यायला दोन ते चार दिवस जातात, आणि बाळ जेवढं ओढेल तेवढं तयार होतं. डिंकाचे लाडू खा की, आवडतात म्हणून खा.

पुरतंय का ते लंगोट सांगतात, म्हणून एक वही ठेव. शी काळी, मग हिरवट, मग चौथ्या पाचव्या दिवशी पिवळी, आणि पाचव्या दिवसापासून शू सहा वेळा तरी. वजन सुरुवातीला थोडं उतरतं, दोनेक आठवड्यांत परत येतं. शू कमी झाली, बाळ पिवळं दिसतंय, पाजायलाच उठत नाहीये, किंवा तुला ताप आणि छातीत लाल दुखरी गाठ, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी डॉक्टरांना फोन. लॅक्टेशन कन्सल्टंटचा, म्हणजे अंगावर पाजायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाचा, एक नंबर पण आधीच शोधून सेव्ह कर, बाळाच्या जिभेखालची शिर आखूड आहे का तेही त्यांच्या लक्षात येतं, आमच्याकडे ते सतराव्या दिवशी कळलं.

भावोजींना फॉरवर्ड कर हे, हनुवटीवालं त्यांना दोनदा वाचायला लाव. तांदळाची पिशवी मात्र गाठ घट्ट मारून घे, माझी सुटली होती.