मतदारसंघाचा इतिहास लिहिताय? आधी या चुका टाळा

निवडणूक जवळ आली की कोल्हापुरात इतिहासकारांचं पीक येतं. उमेदवारीचा पत्ता नसतो, पण "आपल्या मतदारसंघाचे आजवरचे आमदार" ही रंगीत यादी मोबाईलवर फिरायला लागते. अशा याद्या, तक्ते आणि पुरवण्यांचे मजकूर तपासायला माझ्याकडे येतात. चुका दरवेळी त्याच असतात, करणारी पोरं तेवढी बदलतात.

नाव तेच, म्हणून मतदारसंघ तोच

ही सगळ्यात मोठी चूक. तिच्यावर मी सगळ्यात जास्त डोकं फोडलंय.

एका स्थानिक साप्ताहिकाच्या निवडणूक पुरवणीसाठी एक पोरगा करवीर मतदारसंघाच्या आमदारांचा तक्ता घेऊन आला. मांडणी सुंदर, रंग झकास. २००४ : सतेज पाटील, अपक्ष. २००९ : चंद्रदीप नरके, शिवसेना. वर मथळा, "सतेज पाटलांचा गड शिवसेनेनं असा फोडला". मी विचारलं, "२००९ ला सतेज पाटील कुठं होते रे?" तो म्हणाला, "सर, पडले असतील की."

पडले नव्हते. ते कोल्हापूर दक्षिणमधून उभे होते आणि धनंजय महाडिकांना हरवून निवडून आले होते. नरकेंनी हरवलं ते पी. एन. पाटलांना, आणि पी. एन. २००४ ला आमदार झाले होते सांगरूळमधून. म्हणजे गड फोडल्याची सगळी कथा दोन ओळी एकाखाली एक आल्यामुळे जन्मलेली.

झालं होतं असं. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली मतदारसंघांची पुनर्रचना २००९ च्या विधानसभेला पहिल्यांदा लागू झाली आणि जिल्ह्यातले बारा मतदारसंघ दहा झाले. सांगरूळ, पन्हाळा, गडहिंग्लज आणि वडगाव ही नावं गेली. कोल्हापूरचं कोल्हापूर उत्तर झालं. दक्षिण आणि हातकणंगले नवे आले. करवीर हे नाव राहिलं, पण त्याखालची गावं बदलली. जुन्या करवीरचा मोठा भाग दक्षिणेत गेला आणि नव्या करवीरमध्ये सांगरूळचा पट्टा, गगनबावडा, पन्हाळ्याचा काही भाग आला. त्यात करवीर हे तालुक्याचंही नाव. मग गोंधळाला काय तोटा!

हे मी सगळं सांगितलं. संपादकांना अंक छापायला पाठवायची घाई होती. "एवढं कोण बघतंय?" म्हणाले आणि छापलं. सांगरूळकडच्या माणसांनी बघितलं. अंक वाटून व्हायच्या आत एक वयस्कर गृहस्थ कार्यालयात येऊन उभे राहिले. "आमचा मतदारसंघ कुठं गायब केलासा?" एवढाच प्रश्न. पुढच्या अंकात तळाशी, भिंग लावून वाचावा असा खुलासा आला. तक्त्याचा फोटो मात्र अजून फिरतोय.

माझी सवय सांगतो. वहीत २००४ आणि २००९ च्या मध्ये लाल रेघ मारायची. रेघेच्या वरचं आणि खालचं एकाच आलेखात कधी जोडायचं नाही. तशीच रेघ १९७२ आणि १९७८ च्या मध्येही, कारण तिथंही पुनर्रचना आहे. शंका आली की मतदारसंघाचं नाव सोडून एक गाव धरायचं आणि ते कुठल्या वर्षी कुठं मतदान करत होतं ते बघायचं. गडहिंग्लज शहर घ्या. २००४ ला स्वतःच्या नावाच्या मतदारसंघात, २००९ पासून कागलात. म्हणून तर तिथले आमदार आणि विधानसभेचे अध्यक्ष राहिलेले बाबासाहेब कुपेकर २००९ ला चंदगडमधून लढले. विनय कोरेही पन्हाळ्याहून शाहूवाडीला आले. त्यांनी मतदारसंघ "बदलला" असं लिहिणाऱ्यांना मी एकच सांगतो : जुना शिल्लक होता का ते आधी बघा.

पक्षाच्या रकान्यावर डोळे झाकून विश्वास

कोल्हापूर उत्तरचं २०२४ चं उदाहरण पुरे. काँग्रेसनं आधी राजेश लाटकरांना उमेदवारी दिली, मग ती काढून कोल्हापूरच्या राजघराण्यातल्या मधुरिमाराजेंना दिली. लाटकर अपक्ष म्हणून राहिले आणि माघारीच्या शेवटच्या दिवशी मधुरिमाराजेंनीच अर्ज मागं घेतला. यंत्रावर हात हे चिन्हच नव्हतं. काँग्रेसनं पाठिंबा दिला तो अपक्ष लाटकरांना, आणि जिंकले शिंदेंच्या शिवसेनेचे राजेश क्षीरसागर. आता एखादा उतावीळ पोरगा नुसता रकाना बघतो आणि लिहितो, "२०१९ ला जिंकलेली काँग्रेस पाच वर्षांत नामशेष". अरे, उमेदवारच नव्हता तर मतं पडणार कशी? (वर दोन्ही प्रमुख उमेदवार राजेश. नुसत्या पहिल्या नावावर शोध घेणाऱ्यांची तिथं वेगळीच तऱ्हा.)

उलटंही होतं. कागलात हसन मुश्रीफ १९९९ पासून सलग सहा वेळा जिंकले आणि चिन्ह दरवेळी राष्ट्रवादीचं घड्याळच. रकाना बघितला तर २०२४ ला काही घडलंच नाही असं वाटेल. पक्ष दुभंगला होता, समोर समरजितसिंह घाटगे शरद पवार गटाची तुतारी घेऊन उभे होते, हे त्या रकान्यात कुठून दिसणार?

१९५७ ला तर हा घोळ मुळातच आहे. संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट होती, पण निवडणूक आयोगाच्या अहवालात समिती नावाचा पक्ष शोधू नका. शेकाप, प्रजासमाजवादी, अपक्ष अशी घटकांची नावं मिळतील. आणि ती निवडणूक मुंबई राज्याच्या विधानसभेची होती. महाराष्ट्राची पहिली १९६२ ची.

मी पक्षाच्या रकान्याशेजारी "पाठिंबा कुणाचा" असा एक रकाना हातानं आखतो. तो भरायला त्या वेळची वर्तमानपत्रं चाळावी लागतात. नगर वाचन मंदिरात बसायचा कंटाळा असेल तर हा उद्योग करू नये.

बाकीच्या, पटापट

पाच-पाच वर्षं मिळवत जाऊ नका. १९७२ नंतर थेट १९७८, मग दोनच वर्षांत १९८०, आणि १९९५ नंतर १९९९.

पोटनिवडणुका गाळू नका. आमदार चंद्रकांत जाधवांच्या निधनानंतर एप्रिल २०२२ मध्ये जयश्री जाधव उत्तरमधून निवडून आल्या. पाच वर्षांच्या तक्त्यात त्यांचं नावच येत नाही. चंदगडला संध्यादेवी कुपेकर २०१४ ला पहिल्यांदा आल्या असं लिहिणाऱ्यांनी २०१३ ची पोटनिवडणूक बघावी.

लोकसभा आणि विधानसभा मिसळू नका. इचलकरंजी लोकसभा गेली, विधानसभा आहे. हातकणंगले दोन्हीकडे आहे, पण लोकसभेच्या हातकणंगलेत सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर आणि शिराळाही येतात.

पाटील दिसले की घराणं जोडू नका. चंदगडला २०१९ ला राजेश पाटील आणि २०२४ ला शिवाजी पाटील. वारसा नाही, एकानं दुसऱ्याला हरवलंय.

"लाट" लिहिण्याआधी मताधिक्य बघा. २०१४ ला शिवसेनेनं जिल्ह्यात सहा जागा जिंकल्या, हे खरं. त्यातली करवीर ७१० मतांनी आणि शाहूवाडी ३८८ मतांनी. करवीरनं २०२४ लाही नरकेंना १,९७६ मतांवरच काठावर पास केलं. त्यात २०१४ ला युती आणि आघाडी दोन्ही फुटलेल्या, सगळे स्वतंत्र लढलेले. त्या वर्षीची टक्केवारी २००९ शेजारी ठेवून "मतं इतक्या टक्क्यांनी वाढली" असं लिहून माझ्याकडे आणलं, तर मी चहा पाजून परत पाठवतो.