‘नरमणे’चं मूळ कसं शोधायचं

मी मुद्रितं तपासते. एका कथेत नातवाला रडताना बघून ‘आजोबा नरमले’ असं होतं. मी पेन्सिलीने ‘द्रवले?’ असं समासात लिहिलं आणि अडकले. असं अडकल्यावर मी काय करते, ते सांगते.

कोश लगेच उघडू नका. आधी कागदावर त्या क्रियापदाची सात-आठ वाक्यं स्वतःच लिहा, कोण कोण ‘नरमतं’ ते बघा. साहेब नरमतो, आवाज नरमतो, सोन्याचे भाव नरमतात. कापड मात्र नरमत नाही, ते मऊ पडतं. म्हणजे नरमायला आधी ताठा किंवा चढ हवा. मग शेजारची क्रियापदं त्याच वाक्यांत घालून पाहा. द्रवायला समोर कुणाचं तरी दुःख लागतं. पाघळण्यात थोडी चेष्टा आहे, दोन गोड शब्द पुरतात. वाकणं बहुधा दुसऱ्याच्या जोरावर. ‘नमतं घेणं’ सगळ्यांत धूर्त: माणूस माघार घेतो, मत बदलेलच असं नाही. निम्मा अर्थ इथेच हाती लागतो. कोश हे काम इतकं बारीक करत नाहीत, असा माझा अनुभव.

आता ‘णे’ काढा. उरतं ‘नरम’, आणि ते विशेषण आहे. म्हणजे हा नामधातू, नामापासून किंवा विशेषणापासून झालेलं क्रियापद, ‘बदल’वरून ‘बदलणे’ झालं तसा. नरमाई, नरम पडणे, ‘प्रकृती जरा नरम आहे’ ही सगळी भावंडं एकत्र मांडा.

मग मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. १८५७ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते. शब्दापुढे कंसात रोमन अक्षर असतं, ‘एस’ म्हणजे संस्कृत, ‘पी’ म्हणजे फारशी. ‘नरम’ फारशी, मूळ रूप ‘नर्म’. फारशी शब्दांसाठी माधवराव पटवर्धनांचा १९२५चा फार्शी-मराठी कोश जवळ ठेवावा, बाकी कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात मी पडले आहे. संस्कृतातही ‘नर्म’ आहे. एका टिपणात मी ‘नर्मविनोद म्हणजे नरम, न बोचणारा विनोद’ असं ठोकून दिलं होतं. एका वाचकाने पत्र पाठवून कान धरला. संस्कृत नर्म म्हणजे थट्टा, क्रीडा. दोन्ही शब्द दिसायला जुळे, नातं काही नाही.

खरं नातं भलत्याच घरात निघतं. फारशी ‘नर्म’ जुन्या इराणी ‘नम्र’पासून आला, आणि तो आपल्या संस्कृत ‘नम्र’चा सख्खा चुलतभाऊ. म आणि र यांनी जागा बदलल्या, एवढंच. पण असं एका जोडीवरून मानू नका, तोच बदल दुसरीकडे झालेला दिसला पाहिजे. दिसतो: संस्कृत ‘चक्र’, फारशी ‘चर्ख’ (आपला चरखा त्यातलाच). संस्कृत ‘शुक्र’ म्हणजे तेजस्वी, फारशी ‘सुर्ख’ म्हणजे लाल. तीन जोड्या एका चालीने चालल्या की मी कोशाच्या समासात बरोबरची खूण करते. म्हणजे ‘नमणे’ आणि ‘नरमणे’ दोन्ही मुळात ‘नम्’ धातूची, वाकण्याची. एक संस्कृतातून आलं, दुसरं इराणातून फिरून. (‘द्रवणे’ वेगळ्या घरचं. ‘द्रु’ म्हणजे धावणं, वाहणं. ‘उपद्रव’ही त्यातूनच, यावर माझा दोन दिवस विश्वास बसला नव्हता.)

एवढं झाल्यावर त्या वाक्याकडे परत जायचं, आणि आधीची दोन पानंही वाचायची. मी वाचली नव्हती. आजोबा त्या दोन पानांत सरळ आरडाओरडा करत होते, नातू रडला तेव्हा आवाज खाली आला. मन हेलावल्याचा शब्दही नव्हता. मी ‘द्रवले?’ खोडरबराने पुसलं.