बीएमएक्सच्या स्टार्टचा तोल घरच्या भिंतीशी साधा

बीएमएक्स, म्हणजे छोट्या सायकलींच्या उंचवट्यांच्या ट्रॅकवरच्या शर्यतीत 8 जण गेटला (शर्यत सुटताच खाली पडणाऱ्या अडसराला) पुढचं चाक टेकवून, दोन्ही पाय पेडलवर ठेवून उभे राहतात. नवशिक्याचा पाय नेमका तेव्हाच जमिनीला लागतो. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या भिंतीशी भाच्याने हा तोल साधला.

1. पुढचं चाक भिंतीला सरळ टेकवा.
2. जोराचा पाय पुढे, दोन्ही पेडल समपातळीत.
3. सीटवरून उठा आणि पुढच्या पेडलवर हलका दाब धरून ठेवा. टायर भिंतीवर किंचित चेपतो, सायकल थरथरायची थांबते. ब्रेकला हात नको, ती सवय गेट पडल्यावर फार महागात पडते.

आधी 5 सेकंद, मग 20.

गुळगुळीत कोटा फरशीवर मागचं चाक सटकतं, म्हणून खरखरीत जागा निवडा. हेल्मेट इथेही हवंच.