लेन्स ‘सॉफ्ट’ आहे म्हणण्याआधी : जुन्या टेलिफोटोबरोबर या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी असा फोन येतोच. “भाऊ, तुम्ही सांगितली म्हणून १३५ घेतली, पण काही दम नाही. सगळं धूसर येतं.” (१३५ म्हणजे १३५ मिलिमीटरची जुनी टेलिफोटो, लांबचं जवळ आणणारी लेन्स.) मी आधी विचारतो, फोटो किती वाजता काढला? पलीकडे जरा वेळ शांतता. मग, “दुपारी. पण त्याचा काय संबंध?”

संबंध आहे, आणि तो समजायला मला साडेतीन हजार रुपये मोजावे लागले.

पाच-सहा वर्षांपूर्वी एप्रिल संपत आला असताना हतनूर धरणावर गेलो होतो. हातात नुकतीच घेतलेली सुपर-टाकुमार २०० एफ/४, म्हणजे २०० मिलिमीटरची जुनी लेन्स. पाणी मागे सरकलेलं, मधे भेगाळलेला गाळ आणि पार पलीकडे पाण्याच्या कडेला चित्रबलाकांचा थवा. अंतर अडीचशे मीटर तरी असेल. अकरा ते एक तिथेच बसलो. ट्रायपॉड होता, शटर १/१०००, ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) ८. घरी येऊन पाहिलं तर शंभरातला एकही फोटो धारदार नाही. चोची दुधात बुडवून काढल्यासारख्या. काच खराब आहे असं ठरवून मी मोकळा झालो आणि सात हजारांची लेन्स साडेतीनला धुळ्याच्या एका ओळखीच्या पोराला देऊन टाकली. डिसेंबरात त्याने सारंगखेड्याच्या घोडेबाजारातला एक फोटो पाठवला. सकाळची वेळ, पंधरा फुटांवरचा घोडा, पापणीचा केस न केस मोजून घ्या. लेन्स तीच.

हतनूरला धूसर होती ती हवा. तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ, वरची त्यामानाने दाट. दोन्ही एकमेकींत मिसळत राहतात आणि मधून येणारा प्रकाश प्रत्येक क्षणी जरा वेगळा वाकतो. डांबरी रस्त्यावर दुपारी पाणी पसरल्यासारखं दिसतं, त्याच कुळातला प्रकार. ५० च्या लेन्सला हे फारसं जाणवत नाही, २०० मधून ठळक दिसतं. यावर ॲपर्चर लहान करणं, शटर वाढवणं, ट्रायपॉड लावणं, काही चालत नाही. ओळखायची खूण सोपी : एकाच जागेचे दहा फोटो ओळीने काढा. दहाही वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडले असतील आणि दहा मीटरवरचं झाड मात्र स्वच्छ येत असेल, तर लेन्स निर्दोष सोडा. फेब्रुवारी संपला की आमच्याकडे साडेआठनंतर मी लांबचं काही काढतच नाही. आणि एसी लावलेल्या गाडीच्या अर्ध्या उघड्या काचेतून फोटो काढणाऱ्यांनी निदान तक्रार तरी करू नये. थंड-गरम हवेची तीच घुसळण तुम्ही स्वतः लेन्सच्या तोंडाशी आणून ठेवलेली असते.

दुसरा माझा आवडता घोळ म्हणजे आडवा आठ, फोकसच्या रिंगवरची ‘अनंत’ अंतराची खूण.

अमळनेरचा एक मुलगा लेन्स घेऊन घरीच आला. “लेन्स खराब शे, भाऊ.” चोपड्याहून काढलेले सातपुड्याचे फोटो दाखवले, थंडीतल्या सकाळचे, म्हणजे हवेला दोष देता येईना. विचारलं, फोकस कसा केलास? म्हणाला, डोंगर लांब आहे, म्हणून रिंग शेवटपर्यंत फिरवली, अडली तिथे सोडली. त्याला गच्चीवर नेलं, लांबच्या टॉवरवर कॅमेरा लावला, स्क्रीनवर चित्र मोठं केलं आणि रिंग तांदळाच्या दाण्याएवढी मागे घेतली. टॉवरच्या पट्ट्या सुट्या सुट्या दिसू लागल्या. तो जरा रागानेच म्हणाला, “मग त्या आडव्या आठला अर्थ काय?”

अर्थ होता, फिल्मच्या कॅमेऱ्यावर. या जुन्या लेन्स एम४२ जातीच्या, म्हणजे आट्यांनी फिरवून बसवायच्या. एम४२ लेन्स बसते तिथपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिलिमीटर. सोनीच्या मिररलेस बॉडीत ते १८ मिलिमीटर, म्हणजे अडॅप्टर (जुनी लेन्स नव्या बॉडीला जोडणारी कडी) बरोबर २७.४६ चा हवा. स्वस्त अडॅप्टर जरा कमीच जाडीचे निघतात, कारण जास्त जाड झाला तर लांबचं फोकसच होणार नाही आणि गिऱ्हाईक परत येईल. कमी जाडीचा असला की रिंग अनंताच्याही पुढे जाते. ०.१ मिलिमीटरचा फरक म्हणजे ॲपर्चर २.८ वर सेन्सरवर ०.०३६ मिलिमीटरचा डाग. पिक्सेल ४ मायक्रॉनचा धरा, नऊ पिक्सेल गेले. तेव्हा डोंगर असो की चंद्र, चित्र मोठं करून हातानेच फोकस करायचा. फोकस पीकिंगचे (धारदार कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीचे) लाल ठिपके चमकले की झालं, असं मानणाऱ्यांसाठी ऑटोफोकस लेन्स बाजारात आहेत, त्यांनी त्या घ्याव्यात.

निकॉनच्या डीएसएलआरवर एम४२ लावायच्या फंदात पडू नका. त्याचं अंतर ४६.५, लांबचं फोकस होत नाही. काच बसवलेला अडॅप्टर मिळतो, पण तो चांगल्या लेन्सचीही माती करतो.

ॲपर्चर ४ वर ठेवा की १६ वर, फोटो तेवढाच उजळ येत असेल तर लेन्सच्या बुडाशी असलेली ‘ए-एम’ची कळ बघा. ‘ए’वर असेल तर मागची पिन दाबली गेल्याशिवाय ॲपर्चरची पाती मिटतच नाहीत. ‘एम’ करा. अर्धे ‘सॉफ्ट’ फोटो इथेच सुटतात.

पांढऱ्या बगळ्याला जांभळी किनार येते? येणारच. पूर्ण उघड्या ॲपर्चरवर त्या काळच्या लेन्सचं ते जन्मजात दुखणं आहे. ५.६ वर या, बरंचसं जातं. पण १३५ एफ/२.८ घेतलेला माणूस ५.६ वर यायला तयार नसतो, त्याला मागची पार्श्वभूमी लोण्यासारखी हवी असते. पंधरा पात्यांची पेन्टाकॉन १३५ असेल तर तिला ५.६ वरही गोल ठिपके येतात, हे त्याला कुणी सांगत नाही.

लेन्सबरोबर आलेला जुना, ओरखड्यांचा यूव्ही फिल्टर काढून टाका. हूड मात्र लावाच. त्या काळचं कोटिंग साधं, बाजूने ऊन आलं की काळ्याचा राखाडी होतो. मी आतून काळा मखमली कागद चिकटवतो. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई) वापरत असाल तर २०० च्या लेन्सला २०० हा आकडा हाताने भरा, जुनी लेन्स कॅमेऱ्याला काही सांगत नाही. क्रॉप (फिल्मच्या चौकटीहून लहान) सेन्सरवर २०० ची लेन्स हातात धरून शटर १/३२० च्या खाली नेऊ नका.

नवी लेन्स आली की माझी एकच परीक्षा. सकाळी साडेसहाला, दुकान बंद असताना, गल्लीच्या टोकाच्या किराणा दुकानाची पाटी. वीस मीटर, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, पूर्ण उघड्या ॲपर्चरपासून ११ पर्यंत एकेक फोटो. दहा मिनिटांचं काम, पण लोकांना तेवढाही धीर नसतो.

आणि उन्हाळ्यात लेन्स गाडीत ठेवू नका. जळगावचं ४५ अंश बाहेर असतं, बंद गाडीत त्याहून जास्त. ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं, काचेवर त्याची साय धरते. मागून मोबाईलचा टॉर्च मारला की दिसते.

दिसली म्हणून घरी खोलायला मात्र बसू नका. फोकसच्या आट्यांना चढायची तोंडं अनेक असतात. सोडवताना खूण केली नाही तर परत भलत्याच तोंडातून चढतात आणि आडवा आठ कायमचा हरवतो. मी खूण केली नव्हती. ती १३५ अजून श्रीखंडाच्या डब्यात आहे, तीन भागांत, आणि सौ.ना तो डबा परत हवा आहे.