घरातले इंटरनेट मंदावल्यास दोष नेमका कुठे शोधावा

इंटरनेट मंदावले की बहुतेक घरांत आधी राउटर बंद करून पुन्हा चालू केला जातो, त्याने भागले नाही तर कंपनीला फोन लावला जातो, आणि तरीही फरक पडला नाही तर नवा राउटर विकत आणला जातो. या तिन्ही उपायांना आपापली जागा आहे. परंतु आपल्या बाबतीत कोणता लागू पडेल, हे मोजल्याशिवाय कळत नाही. बाहेरून घरात येणारी वायर, मॉडेम (बाहेरचा सिग्नल घरातल्या उपकरणांना समजेल असा करणारा डबा), राउटर (ती जोडणी घरातल्या उपकरणांत वाटणारा), वाय-फायच्या लहरी आणि शेवटी हातातला फोन किंवा लॅपटॉप, असे या वाटेचे टप्पे आहेत, आणि त्यांतला एक टप्पा अरुंद झाला की बाकीचे कितीही रुंद असले तरी उपयोग होत नाही. म्हणून एकाही सेटिंगला हात लावण्याआधी अडथळा कोणत्या टप्प्यावर आहे ते ठरवावे. नीट बसून केले तर हे अर्ध्या तासाचे काम आहे.

मोजण्यापूर्वी आकड्यांचा एक घोळ दूर करायला हवा. कंपनी वेग सांगते तो सेकंदाला किती मेगाबिट असा, तर फाइल उतरवून घेताना संगणक दाखवतो तो बहुधा मेगाबाइटमध्ये. ८ बिट मिळून १ बाइट होतो, त्यामुळे १०० मेगाबिटच्या जोडणीवर फाइल जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट प्रतिसेकंद या वेगाने उतरेल, आणि प्रत्यक्षात त्याहून थोड्या कमी. ज्यांना पडद्यावर ११ किंवा १२ हा आकडा दिसतो आणि आपण फसवले गेलो असे वाटते, त्यांची जोडणी खरे तर व्यवस्थित चाललेली असते.

पहिली मोजणी वायरीने

लॅपटॉपचे वाय-फाय बंद करून तो इथरनेट केबलने थेट राउटरला जोडावा, घरातल्या इतर उपकरणांवरचे व्हिडिओ आणि डाउनलोड थांबवावेत आणि स्पीड टेस्ट घ्यावी. एका चाचणीवर विसंबू नये. लागोपाठ तीन घ्याव्यात, आणि शक्य असेल तर सकाळी, दुपारी व रात्री वेगवेगळ्या घेऊन आकडे वेळेसह कागदावर लिहून ठेवावेत. त्यानंतर राउटरजवळ उभे राहून वाय-फायवर, आणि शेवटी ज्या खोलीत त्रास होतो त्या खोलीत, अशा त्याच चाचण्या पुन्हा घ्याव्यात.

मॉडेम आणि राउटर ही दोन वेगळी उपकरणे असतील तर आणखी एक पायरी आहे: राउटर बाजूला ठेवून लॅपटॉप सरळ मॉडेमला जोडणे. काही मॉडेम आधी जोडलेल्या उपकरणालाच ओळखतात, त्यामुळे जोडणी बदलल्यावर मॉडेम एकदा बंद करून चालू करावा लागतो. काही ठिकाणी कंपनीने दिलेले युजरनेम आणि पासवर्ड लॅपटॉपवर भरावे लागतात. फायबरच्या बऱ्याच जोडण्यांत दोन्ही कामे एकाच डब्यात होतात, तिथे ही पायरी आपोआप गळते.

आकडे हाती आले की निदान सोपे होते. मॉडेमवरच वेग कमी असेल तर दोष बाहेरच्या वायरीत, मॉडेममध्ये किंवा कंपनीकडे आहे, आणि वाय-फायची कितीही मशागत केली तरी तो जाणार नाही. मॉडेमवर पूर्ण वेग आहे पण राउटरला वायर लावल्यावर कमी भरतो, तर राउटर किंवा त्या दोघांमधली केबल संशयित आहे. वायरीवर सर्वत्र पूर्ण वेग मिळतो आणि फक्त हवेतून कमी येतो, तर प्रश्न वाय-फायचा आहे. बहुतेक घरांत हेच निघते.

९४ हा आकडा दिसला तर

माझ्याकडे ३०० मेगाबिटची जोडणी असताना चाचणीत सतत ९३ ते ९४ येत होते. मी राउटर चार वेळा रिस्टार्ट केला, चॅनल बदलले, कंपनीकडे तक्रार नोंदवली, आणि दोष निघाला तो मॉडेमपासून राउटरकडे जाणाऱ्या हातभर केबलमध्ये. कपाटाचे दार रोज तिच्या टोकावर दाबले जात होते. प्लगची प्लॅस्टिकची खिटी मोडली होती आणि आतल्या आठांपैकी एका तारेचा संपर्क सुटला होता.

हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. इथरनेट केबलमध्ये ८ तारा, म्हणजे ४ जोड्या असतात. १०० मेगाबिटच्या जोडणीला त्यांतल्या २ जोड्या पुरतात, गिगाबिटला मात्र चारही लागतात. एखादी तार तुटली की दोन्ही टोकांची उपकरणे बहुधा गाजावाजा न करता १०० वर तडजोड करतात, आणि माहितीच्या पाकिटांवरचा वेष्टनाचा भार वजा जाता चाचणीत साधारण ९४ उरतात. वाय-फायचा वेग कमी-जास्त होत राहतो; वायरीवरचा वेग असा एकाच आकड्याला चिकटून बसला, तर केबल बदलून पाहावी. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसतो, तो १००० ऐवजी १०० असेल तर शंकेला जागाच राहत नाही. मात्र लिंक स्पीड फक्त लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधल्या वायरीबद्दल सांगतो. राउटर आणि मॉडेम यांच्यामधल्या केबलसाठी राउटरच्या सेटिंगच्या पानावरील (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की हे पान उघडते) माहिती पाहावी किंवा केबल अदलाबदल करावी. जुन्या राउटरचे पोर्टच १०० मेगाबिटचे असतात. तिथे केबल निर्दोष असली तरी हीच मर्यादा येते, आणि नवा राउटर घेणे तेव्हा खरोखर योग्य ठरते.

मॉडेम आणि बाहेरची वायर

फायबरच्या उपकरणावर पॉन नावाचा दिवा स्थिर हिरवा असावा. लॉस हा दिवा लाल लागला किंवा लुकलुकू लागला तर प्रकाश घरापर्यंत पोहोचत नाही असे समजावे. दिवे ठीक असूनही वेग घसरत असेल तर उपकरणाच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी पाहावी. ती डीबीएम या सिग्नलची ताकद मोजणाऱ्या एककात, उणे आकड्याने लिहिलेली असते. घरगुती जोडणीत साधारणपणे उणे ८ ते उणे २७ ही चालणारी कक्षा मानली जाते, आणि आकडा उणे २७ च्या जवळ सरकला असेल तर सिग्नल काठावर आहे. अनेकदा कारण अगदी साधे असते: सोफा किंवा कपाट भिंतीला सारताना पातळ पिवळी किंवा पांढरी फायबर काटकोनात दुमडली जाते, आणि तीव्र वळणावर प्रकाश बाहेर झिरपतो. वायर मोकळ्या, मोठ्या वळणात ठेवावी. तिचे टोक स्वतः काढून पुसायला जाऊ नये आणि त्यात डोळा लावून तर कधीच पाहू नये, कारण त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो.

टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या जोडणीत नॉइज मार्जिन, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या वर गरजेपेक्षा किती जास्त आहे तो आकडा, सेटिंगच्या पानावर पाहावे; ते ६ डेसिबलच्या खाली जात असेल तर वेग डळमळतो आणि जोडणी तुटते. अशा घरांत प्रत्येक टेलिफोनला फिल्टर (आवाज आणि इंटरनेटचे सिग्नल वेगळे करणारा छोटा डबा) लावलेला आहे ना, हे आधी तपासावे. टीव्हीच्या केबलवरून येणाऱ्या जोडणीत ढिले कनेक्टर आणि अनावश्यक स्प्लिटर (एका वायरीचे फाटे करणारे जोड) हे नेहमीचे दोषी असतात, कारण दोन वाटांच्या एका स्प्लिटरने सिग्नलची निम्म्याहून अधिक शक्ती जाते.

रिस्टार्ट करायचा असेल तर क्रमाने करावा. दोन्ही उपकरणांची वीज काढून अर्धा मिनिट थांबावे, आधी मॉडेम चालू करून त्याचे दिवे स्थिर होऊ द्यावेत आणि मगच राउटर चालू करावा. मागच्या बाजूचे रीसेटचे बारीक छिद्र मात्र दाबू नये. त्याने सगळ्या सेटिंग पुसल्या जातात आणि कंपनीने भरलेली माहितीही जाते.

वाय-फायची काळजी

राउटर कोठे ठेवला आहे, याकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते आणि फरक सर्वात जास्त त्यानेच पडतो. वायर जिथून घरात शिरते तिथेच तो बसवला जातो, मग ती जागा दाराजवळच्या कोपऱ्यात असो वा टीव्हीच्या मागे. लहरींना धातू, पाणी आणि काँक्रीट अडवतात, आरशामागचा धातूचा लेपही अडवतो. त्यामुळे लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा किंवा माशांची टाकी यांच्या आडोशाला ठेवलेला राउटर पलीकडच्या खोलीपुरता जवळजवळ बंदच असतो. घराच्या मध्याच्या शक्य तितक्या जवळ, जमिनीपासून चार-पाच फूट उंचीवर आणि उघड्यावर तो असावा, आणि त्यासाठी लांब केबल टाकावी लागली तर ती अवश्य टाकावी. एका नव्या महागड्या राउटरपेक्षा ती केबल अधिक काम करते, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा विचार बँडचा, म्हणजे लहरींच्या पट्ट्याचा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून दूर जातात, पण तिथे दाटी फार असते: शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, शिवाय यूएसबी ३ ची काही उपकरणेसुद्धा याच पट्ट्यात गोंगाट करतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा रुंद आणि मोकळा असतो, परंतु त्याची पोच कमी. राउटरच्या खोलीत आणि शेजारच्या खोलीत ५ वापरावा, दूरच्या कोपऱ्यासाठी २.४ ठेवावा. राउटर दोन्हींना एकच नाव देत असेल आणि फोन सारखा २.४ वर जाऊन बसत असेल, तर नावे वेगळी करून पाहावीत.

२.४ वर चॅनल, म्हणजे पट्ट्यातला आपल्या वापराचा भाग, निवडताना १, ६ आणि ११ या तिघांपैकीच एक घ्यावे, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. मोकळे वाटले म्हणून ३ किंवा ८ निवडणारा माणूस दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचा गोंगाट ओढवून घेतो आणि त्यांनाही त्रास देतो. चॅनलची रुंदीही तिथे २० मेगाहर्ट्झच ठेवावी. फोनवरच्या वाय-फाय अॅनालायझरसारख्या अॅपमध्ये कोणते चॅनल किती भरलेले आहे ते दिसते.

सुरक्षेच्या सेटिंगमध्ये एक जुनी चूक दडलेली असते. डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी ही जुनी पद्धत निवडलेली असेल, तर वाय-फाय ५४ मेगाबिटच्या वर जोडतच नाही, मग राउटर कितीही नवा असो. डब्ल्यूपीए२ सोबत एईएस, किंवा डब्ल्यूपीए३ निवडावे. वेगही वाढतो आणि घरही सुरक्षित राहते.

रिपीटर, म्हणजे वाय-फाय ऐकून पुढे पाठवणारा डबा, घेण्याआधी थांबून विचार करावा. एकाच बँडवर ऐकणारा आणि बोलणारा रिपीटर प्रत्येक पाकीट दोनदा पाठवतो, म्हणून मिळणारा वेग साधारण अर्ध्यावर येतो. मेशचे संच, म्हणजे मिळून एकच वाय-फाय पुरवणारे अनेक डबे, याहून बरे, आणि त्यांचे डबे एकमेकांना वायरीने जोडता आले तर फारच बरे.

वेग पूर्ण, तरी कामे अडखळतात

स्पीड टेस्ट उत्तम येते, तरी व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो, ही तक्रार वेगळी आहे आणि तिची तपासणी पिंगने होते, म्हणजे एखाद्या पत्त्याला छोटा संदेश पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजून. कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजमधली आज्ञा टाइप करण्याची खिडकी) पिंग ही आज्ञा आधी राउटरच्या पत्त्याला द्यावी, जो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, आणि मग ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला. राउटरचे उत्तर काही मिलिसेकंदांतच यायला हवे. तेच ५०-१०० वर उड्या मारत असेल तर दोष घरातल्या वाय-फायचा. राउटर लगेच उत्तर देतो पण बाहेरचा पत्ता रेंगाळतो, तर दोष पुढचा.

आता पिंग चालू ठेवून दुसऱ्या उपकरणावरून मोठी फाइल अपलोड करावी. उत्तराची वेळ २० वरून ३००-४०० मिलिसेकंदांवर गेली, तर मॉडेम किंवा राउटर रांगेत प्रमाणाबाहेर पाकिटे साठवून ठेवतो आहे. घरात सीसीटीव्ही कॅमेरा किंवा फोटोंचा बॅकअप सतत चालू असेल तर नेमके हेच घडते, कारण अनेक जोडण्यांत अपलोडची वाट मुळात अरुंद असते. राउटरमध्ये क्यूओएस (कोणत्या कामाला किती वेग द्यायचा ते ठरवणारी सोय) असेल तर त्यात अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवावी. रांग मग मॉडेममध्ये साचत नाही.

पाने उघडायला वेळ लागतो, पण उघडल्यावर सारे भरभर येते, असे असेल तर डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलून पाहावा. ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हे पत्ते राउटरमध्ये भरता येतात.

कंपनीला फोन करताना

मॉडेमवरच वेग कमी असेल, किंवा तो दिवसा पूर्ण आणि रात्री आठनंतर निम्मा होत असेल, तर घरात करण्यासारखे फारसे उरत नाही. फायबरच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत सुमारे २.५ गिगाबिटची एक वाट अनेकदा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते, आणि सगळे एकाच वेळी व्हिडिओ पाहू लागले की ताण जाणवतो. ती वाटणी कंपनीनेच सुधारायची असते. अशा वेळी नुसते नेट स्लो आहे असे सांगण्याऐवजी लिहून ठेवलेले आकडे वाचून दाखवावेत: वायरीने मॉडेमवर कोणत्या वेळी किती वेग आला, प्रकाशाची पातळी किती होती, राउटरचा आणि बाहेरचा पिंग किती. तंत्रज्ञ घरी आला की त्याने काम आटोपून निघण्यापूर्वी त्याच्या लॅपटॉपवर, वायरीने, आपल्यासमोर चाचणी घेऊन दाखवावी असा आग्रह धरावा, आणि तो आकडा त्याच कागदावर तारखेसह उतरवून घ्यावा.