खांबाशी बैठक मारा: शालेय खो-खोचे फोटो काढताना

शाळांच्या मैदानी खेळांचे फोटो काढायला शिकायचं असेल तर सुरुवात खो-खोपासून करा, असं मी नव्या मुलामुलींना आवर्जून सांगते. क्रिकेटसारखी भलीमोठी लेन्स लागत नाही. मैदान 27 बाय 16 मीटरचं, त्यामुळे 70-200 मिलिमीटरची झूम लेन्स पुरून उरते. नसेल तर दोन दिवस भाड्याने आणा.

माझी पहिली जिल्हास्तरीय स्पर्धा नाशिकमध्येच होती. दिवसभरात सहाशेच्या वर फोटो काढले आणि घरी येऊन बघते तर निम्म्यांत नुसत्या पाठी! बाकीच्यांत हात हललेले, कारण शटरचा वेग 1/250 सेकंद, म्हणजे कमीच ठेवला होता. दुसऱ्या दिवशी एका क्रीडाशिक्षकांनी मला शेजारी बसवलं. म्हणाले, "ताई, पळणाऱ्यामागे कॅमेरा फिरवू नका. पाठलाग करणाऱ्याकडे बघा. त्याला माघारी वळता येत नाही."

त्या एका वाक्याने माझं काम बदललं. पळणारा बसलेल्या खेळाडूंच्या मधून कुठूनही निसटतो, पण पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत ती बदलता येत नाही. म्हणजे मध्येच खो दिला नाही, तर तो खांबाकडेच येणार. मग आपण आधीच तिथे का असू नये? लॉबीच्या, म्हणजे मैदानाभोवतीच्या मोकळ्या पट्ट्याच्या बाहेर, खांबाच्या रेषेपासून थोडं बाजूला बसा. फोकस खांबावर धरून ठेवा, शटर 1/1000, बर्स्ट (एकापाठोपाठ फोटो) चालू. सकाळी ऊन आपल्या पाठीशी येईल अशी बाजू निवडा. थंडीत आठपर्यंत धुकं असतं, तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, 1600 पर्यंत बिनधास्त चढवा. फोटोत थोडे दाणे आले तरी चालतील, हललेला हात चालत नाही.

आणि बसाच. खांब जेमतेम 120 ते 125 सेंटिमीटर उंच असतो. उभं राहून काढलं तर डोक्याचे केस आणि माती एवढंच मिळतं. मांडी घालून बसलात की एका हाताने खांबाला वेढा घातलेली, अंग जमिनीला समांतर झालेली, दुसऱ्या हाताची बोटं ताणलेली मुलगी थेट तुमच्यासमोर येते. कोपराला माती, ओठ दाबलेले. खटका तिचा हात खांबाला लागताच दाबायचा, झेप दिसल्यावर दाबलात तर उशीर झालेला असतो. स्क्रीन बघायची ती डाव संपल्यावर.

मुलं अल्पवयीन असतात, म्हणून आधी शाळेची परवानगी घ्या आणि पालकांना विचारल्याशिवाय फोटोसोबत नाव टाकू नका. सामना सुरू होण्याआधी गुणपत्रिकेचा एक फोटो काढून ठेवा, नंतर कोणता संघ कोणता हे शोधत बसावं लागत नाही.

पहिल्या वर्षी पैसे फारसे मिळणार नाहीत, हे मनाशी धरून चला. पण मुलांना प्रिंट काढून द्या. धावपटू कविता राऊत आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्यातून निघाली आणि 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदकापर्यंत पोहोचली. आजही जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा तालुक्यांच्या पाड्यांवरून मुलं स्पर्धेला येतात आणि त्यांतल्या कित्येकांकडे स्वतःचा खेळतानाचा एकही फोटो नसतो. मी प्रत्येक स्पर्धेनंतर निवडक चार बाय सहाच्या प्रिंट त्यांच्या सरांकडे पाठवते. मागे मुलाचं नाव आणि तारीख पेन्सिलने लिहिते.