फतवा वाचा, पण किलो मोजा

इराणच्या अणुकार्यक्रमाचा अभ्यास सुरू करणारे बहुतेक जण एकच प्रश्न घेऊन येतात : धर्मगुरूंची राजवट अण्वस्त्रं हराम म्हणते, तर विश्वास ठेवायचा का? प्रश्न साहजिक आहे, पण तिथून सुरुवात केली की महिनाभर धर्मशास्त्रातच घुटमळणं होतं. फतव्याला एक दिवस पुरतो.

त्या दिवसात कागदावर तीन रकाने आखा : निर्मिती, साठा, वापर. ऑगस्ट 2005 मध्ये इराणने व्हिएन्नात दिलेल्या निवेदनात तेव्हाचे सर्वोच्च नेते खामेनेई यांच्या फतव्याने तिन्ही निषिद्ध ठरवल्याचा उल्लेख आहे. एप्रिल 2010 च्या तेहरान परिषदेला त्यांनी पाठवलेल्या संदेशात मात्र ‘हराम’ हा शब्द वापरालाच लावलेला आहे. असे फरक रकान्यांशिवाय सुटून जातात.

शिया फिक्हमध्ये, म्हणजे धर्मकायद्यात, फतवा बदलू शकतो, हेही लक्षात घ्या. इस्लामी क्रांतीचे नेते खोमेनी यांच्याच काळात, 1983 मध्ये, कॅव्हियार देणारा स्टर्जन मासा हलाल ठरला. जानेवारी 1988 मध्ये तर राज्याच्या हितासाठी हजसुद्धा तात्पुरता थांबवता येतो, असं त्यांनी लिहिलं. उलट, सगळं ‘तकिया’वर ढकलणारे लेख खुशाल बाजूला ठेवा, ती छळाच्या काळात जीव वाचवण्यासाठी श्रद्धा लपवण्याची दिलेली मुभा आहे, करार मोडण्याचा परवाना नव्हे. आणि हेतू झाकायला धर्म लागतोच असं नाही. 1974 मध्ये पोखरणला आपण ‘शांततामय अणुस्फोट’ म्हणालोच होतो.

आता किलो, म्हणजे युरेनियमचा साठा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे इराणवर दर तिमाहीला दोन अहवाल येत असत. नवखे 2015 च्या अणुकराराच्या पडताळणीचा अहवालच वाचतात, कारण साठ्याचे आकडे त्यात असतात. अघोषित जागांची हकिगत दुसऱ्यात, म्हणजे अण्वस्त्र प्रसारबंदी कराराखालच्या अहवालात सापडते. तुर्कुझाबाद आणि वरामीन या अघोषित जागांवर युरेनियमचे कण कसे आले, याची समाधानकारक उत्तरं इराणने दिली नाहीत. हेतूबद्दल त्यातून जे कळतं, ते भाषणांतून कळत नाही.

आकड्यांत हमखास होणारी चूक वजनाची. करारातली साठ्याची 300 किलोची मर्यादा युरेनियम हेक्साफ्लुओराइडची, म्हणजे समृद्धीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या युरेनियमच्या संयुगाची होती. निव्वळ युरेनियम 202.8 किलोच. संस्थेचे साठ्याचे आकडे सहसा निव्वळ युरेनियमचे असतात, त्यामुळे तुलनेआधी एकक पाहा. मग भागाकार : संस्थेचं ‘लक्षणीय प्रमाण’, म्हणजे ज्यातून एक अण्वस्त्र बनण्याची शक्यता नाकारता येत नाही एवढं, 25 किलो यू-235 (युरेनियमचा विखंडनक्षम प्रकार) आहे, आणि यू-235 चं प्रमाण 60 टक्के असलेल्या सुमारे 42 किलो युरेनियममध्ये तेवढं भरतं. 17 मे 2025 ला 60 टक्क्यांपर्यंतचा साठा 408.6 किलो होता, म्हणजे अशी सुमारे 9.7 प्रमाणं. याला ‘नऊ बॉम्ब’ लिहू नका. पुढे आणखी समृद्धीकरण (यू-235 चं प्रमाण वाढवणं), धातू बनवणं आणि स्फोटयंत्रणा ही कामं उरतात. मात्र 60 ते 90 टक्के, म्हणजे अण्वस्त्राच्या दर्जापर्यंतचं, हे अंतर दिसतं तेवढं लांबही नाही. समृद्धीकरण करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रांची बहुतेक मेहनत नैसर्गिक युरेनियमच्या 0.7 पासून 20 टक्क्यांपर्यंतच खर्च झालेली असते.

नियमाची तारीख न पाहता ‘लपवलं’ हा शब्द वापरू नका. जुन्या नियमानुसार केंद्रात अणुसामग्री आणण्याच्या 180 दिवस आधी कळवलं तरी चालायचं. संस्थेच्या तपासणी-व्यवस्थेतल्या सुधारित कलम 3.1 प्रमाणे केंद्र बांधायचं ठरताच कळवावं लागतं. इराणने 2007 मध्ये ते कलम एकतर्फी थांबवलं आणि संस्थेला ते मान्य नव्हतं. 2009 मध्ये उघड झालेल्या फोर्डो या समृद्धीकरण केंद्राचा वाद इथूनच समजून घ्यावा लागतो.

संस्थेचा डिसेंबर 2015 चा अंतिम आढावा तर इराणचे समर्थक आणि टीकाकार, दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे. 2003 अखेरपर्यंत स्फोटयंत्रणेशी संबंधित काम संघटितपणे चालू होतं, असं तो म्हणतो. 2009 नंतरचे विश्वासार्ह संकेत नाहीत, असंही तोच म्हणतो. आपल्याला सोयीचं वाक्य तेवढं उचलणाऱ्यांची कमी नाही.

साठ्याच्या आकड्यापुढे तारीख लिहाच, कारण तपासणी कमी होत गेली. फेब्रुवारी 2021 मध्ये इराणने अतिरिक्त प्रोटोकॉल (संस्थेला जास्त तपासणीची मुभा देणारा करार) पाळणं थांबवलं, जून 2022 मध्ये संस्थेचे 27 कॅमेरे काढले. 13 जून 2025 चा 440.9 किलो हा आकडा संस्थेचा अंदाज आहे. त्याच दिवशी इस्रायलचे हल्ले सुरू झाले.